आमचं गाव शहर झालं, आम्हाला कुणी विचारलं?

(गडचिरोली जिल्ह्यात झालेल्या महिला मेळाव्यातल्या भाषणाचा हा मजकूर. बोलीतला ओघ शक्य तेवढा तसाच ठेवला आहे.)



मला सांगितलं होतं की ‘शहरीकरण आणि स्त्रिया’ यावर बोला. एवढा मोठा शब्द मला पेलत नाही. माझ्या तालुक्याच्या गावात काय झालं ते सांगते. इथे शेजारच्या टोल्यांवरून आलेल्या बाया बसल्या आहेत, त्यांच्या डोक्यावर आज तीच टांगती तलवार आहे, म्हणून मुद्दाम सांगते.

आमच्याकडे ग्रामपंचायत होती. 2015 साली तिची नगर पंचायत झाली. एकट्या आमचीच नाही. गडचिरोली जिल्ह्यात अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा, धानोरा, कुरखेडा, कोरची, चामोर्शी, मुलचेरा, आणि तिकडे चंद्रपूर जिल्ह्यात पोंभुर्णा, गोंडपिपरी, कोरपना, जिवती, सावली, सिंदेवाही. तालुक्याचं ठिकाण आहे ना, मग नगर पंचायत करा, असं मुंबईत ठरलं. एरवी नगर पंचायतीला किमान 10 हजार वस्ती लागते. तालुक्याच्या गावांसाठी ती अट बाजूला ठेवली. भामरागड आणि कोरची ज्यांनी पाहिली आहेत त्यांना विचारा, शहर कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं.

त्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही पंधरा-वीस जणी कामाची मागणी घेऊन गेलो. दरवर्षी जात होतो. बोडीचं खोलीकरण, मातीचे बांध, असं काम निघायचं. तिथला बाबू म्हणाला, “बाई, तुम्ही आता शहरातल्या झाल्या. रोजगार हमी खेड्यातल्यांसाठी आहे.” एक म्हातारी आत्या होती आमच्यात. ती म्हणाली, “मी तर कालच्याच घरातून आली. शहर कधी आलं?” सगळ्या हसलो. पण त्या उन्हाळ्यात काम मिळालं नाही, आणि चौघीजणी पोरं सासूकडे ठेवून तेलंगणात मिरची तोडायला गेल्या. 2005 चा केंद्राचा रोजगाराचा कायदा ग्रामीण भागापुरताच होता, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. गाव शहर करायच्या आधी हे सांगायला कुणी आलं नव्हतं.

दुसरी गोष्ट सरपंचाची. पेसा कायदा 1996 चा. आपल्या अनुसूचित भागात सरपंच आदिवासीच असतो, आणि निम्म्या वेळी बाई. नगराध्यक्षाचं तसं नाही, तिथलं आरक्षण फिरतं असतं. कुणी म्हणेल, जातीपातीचं काय घेऊन बसल्या? ज्या गावात जमीन आदिवासींची आणि दुकानं बाहेरच्यांची, तिथे सही कुणाची चालते याला अर्थ आहे, एवढंच माझं म्हणणं. पेसा ग्रामपंचायतींना 2015 पासून आदिवासी उपयोजनेतले 5 टक्के थेट मिळू लागले. त्याच वर्षी आम्ही ग्रामपंचायतीतून बाहेर पडलो. घ्या.

आणि तिसरी, माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट, ग्रामसभा. ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा घ्यावी लागते, तसा कायदाच आहे. ती कागदावरच होते असं तुम्ही म्हणाल. अनेक ठिकाणी होतही असेल. आमच्याकडे होत होती. 1993 पासून जिल्ह्यात दारूबंदी आहे, तरी मोहाची आणि बाहेरून येणारी दारू विकली जातेच. आमच्या सभेत विकणाऱ्याचं नाव घेऊन ठराव व्हायचा, त्याला समोर उभं करायचो. आता सतरा प्रभाग, सतरा नगरसेवक. त्यात निम्म्या बाया आहेत, हे मान्य. पण आम्ही सगळ्याजणी एका झाडाखाली बसून ज्याला जाब विचारू अशी जागाच उरली नाही. सर्वसाधारण सभेत आम्ही फार तर मागच्या बाकावर. मी तरी त्यानंतर नगर पंचायतीत सगळ्या बायांची सभा भरलेली पाहिली नाही.

आता कायद्याचा एक गुंता सांगते, कंटाळू नका. घटनेत नगरपालिकांचा जो भाग आहे, नऊ-क, त्यातलंच 243 झेड-सी हे कलम म्हणतं की हा भाग अनुसूचित क्षेत्राला लागू नाही. संसदेने वेगळा कायदा करून लागू करावा. ग्रामपंचायतींसाठी तसा कायदा झाला, तोच पेसा. नगरपालिकांसाठी 2001 साली राज्यसभेत विधेयक आलं, ते मंजूर झालंच नाही. म्हणजे आदिवासी भागातल्या गावाची नगर पंचायत झाली की पेसाचं छप्पर निघून जातं आणि त्या जागी दुसरं काही येत नाही. वकील मंडळी यावर वाद घालतात. आमची आत्या एवढंच म्हणते, “जुनं कवेलू काढलं, नवं टिन बसवलं नाही.”

पण एक बाजू प्रामाणिकपणे मांडायला हवी. आमच्यातल्याच काही बायांना नगर पंचायत हवी होती, आजही हवी आहे. नळ, पथदिवे, नाल्या. आणि घरकुल. शहरी घरकुलाला अडीच लाख मिळतात, खेड्यात त्याहून बरेच कमी. का नको म्हणतील? अडचण पुढे आली. शहरी घरकुलाला जागेची मालकी दाखवावी लागते. ज्यांची घरं पिढ्यान्‌पिढ्या पडीत जागेवर आहेत त्यांनी काय दाखवायचं? त्यातली कितीतरी जागा कागदोपत्री झुडपी जंगल. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पूर्व विदर्भातलं झुडपी जंगल हे वनच आहे. 12 डिसेंबर 1996 च्या आधीच्या वाटपांना नियमित करण्याची वाट ठेवली आहे, पण त्यासाठी कागद लागतात. बाईच्या नावे कागद किती घरांत असतो ते हात वर करून सांगा. ... बघा, मोजायला एक हात पुरतो.

आणि ज्यांना पट्टा नाही त्या प्लॉट घेतात. इथे लेआउटवाले येतात. माझी नणंद चंद्रपूरला असते. धुणीभांडी करून जमवलेल्या पैशात तिने नदीकडच्या सखल भागात प्लॉट घेतला, शंभराच्या स्टॅम्पपेपरवर. विकणाऱ्याने सांगितलं, “दोन वर्षांत सगळं नियमित होतं.” जुलै 2022 मध्ये इरई धरणाचे दरवाजे उघडले आणि तिच्या घरात छातीएवढं पाणी. ती आणि लेकरं शाळेत राहिली. धान्य गेलं, शिलाई मशीन गेलं. नुकसानभरपाईच्या यादीत नाव आलं ते नवऱ्याचं, आणि तो तेव्हा घर सोडून दोन वर्षं झाली होती. इरईच्या काठावर कोळशाच्या खाणींतली माती टाकून पात्र अरुंद झालं आहे, हे चंद्रपूरच्या लोकांनी किती वेळा सांगितलं. 2006, 2013, 2022, पूर येतोच. चंद्रपूरची महानगरपालिका 2011 मध्ये झाली. शहराची पाटी मोठी झाली म्हणून नदीने वाट बदलली नाही.

दुसऱ्या टोकाला जंगल. वसाहत वाढते ती स्वस्त जागेकडे, म्हणजे नाल्याकडे किंवा झाडोऱ्याकडे. दुर्गापूर आणि वीज केंद्राच्या परिसरात फेब्रुवारी 2022 मध्ये वाघ-बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसं गेली. सरपणाला आणि संडासाला बाहेर पडणारी कोण, हे या सभेत सांगायला नको.

आता या टोल्यांवरच्या बायांसाठी. नगर पंचायतीची हद्द वाढवायची म्हणून तुमच्या वस्त्या आत घ्यायचं बोलणं सुरू आहे. तुमच्याकडे ग्रामसभा आहे, सामूहिक वनहक्काचा दाखला आहे. 2014 मध्ये राज्याचे पेसा नियम आले, त्यानंतर तेंदूपत्त्याचा लिलाव ग्रामसभा स्वतः करायला लागल्या. तुमच्या टोल्यावर मजुरी आणि बोनस बाईच्या खात्यात येतो, हे तुमचं तुम्ही मिळवलंत. मेंढा (लेखा) तुमच्यापासून लांब नाही. 2009 मध्ये त्यांना सामूहिक हक्क मिळाले, 2011 मध्ये बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हातात आले. धानोऱ्याची नगर पंचायत झाली, तीन-चार किलोमीटरवरचं मेंढा ग्रामसभेतच राहिलं. दोन्हीकडे जाऊन बायांशी बोला, मग ठरवा. मी ‘नकोच’ म्हणायला आलेली नाही. तुम्हाला नळ हवा असेल तर तुमचा निर्णय. पण तो बायांच्या सभेत व्हावा, पानठेल्यावर नव्हे.

काय करता येतं? हद्द बदलायची तर सरकारला आधी मसुदा प्रसिद्ध करावा लागतो आणि हरकतींसाठी किमान 30 दिवस द्यावे लागतात. हरकत जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. आमच्याकडे ती नोटीस लागली होती म्हणे, तहसीलच्या फलकावर. कुणी वाचली? आम्ही कुणीच नाही. म्हणून तुमच्यातल्या दोघी-तिघी शिकलेल्या पोरींनी दर सोमवारी, बाजाराच्या दिवशी, तो फलक बघायचा. ग्रामसभेचा ठराव आजच लिहून ठेवा, बायांच्या सह्या-अंगठे वेगळे मोजून. वनहक्काच्या दाखल्याची नक्कल जोडा. तो दाखला हद्द बदलली म्हणून आपोआप रद्द होतो असं 2006 च्या कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. पण कुणी तसं सांगून घाबरवेल, तेव्हा तोंडी ऐकू नका, लिहून मागा. वैयक्तिक पट्ट्यावर नवरा-बायको दोघांची नावं असायला हवीत, तेही याच कायद्यात आहे. ज्यांच्या पट्ट्यावर एकच नाव आहे त्यांनी जेवणानंतर मागच्या खोलीत थांबा, अर्ज तिथेच भरू. कार्बन पेपर मी आणला आहे. दोन प्रती करायच्या, एक द्यायची आणि दुसरीवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.