संकटकाळीं प्रचार थांबवावा काय?

घरास आग लागली असतां भावांनीं वांटणीचा तंटा घेऊन बसूं नये, हें शहाणपण कोणीहि मान्य करील. परंतु आग विझविण्याचें काम कोणाच्या हातीं सोंपवावयाचें, हाच जर तंट्याचा विषय असेल, तर काय करावें? लोकशाही राष्ट्रांत निवडणुकीच्या ऐन रंगांत आर्थिक अरिष्ट कोसळलें म्हणजे नेमका हाच प्रश्न उभा राहतो. इ. स. २००८ च्या सप्टेंबरांत तो अमेरिकेंत उभा राहिला, आणि अध्यक्षपदाच्या एका उमेदवारानें आपला प्रचार तहकूब करून त्याचें उत्तर दिलें. तें उत्तर बरोबर होतें कीं नाहीं, ह्याचा विचार आज आपणांस करावयाचा आहे.

प्रथम अरिष्टाचें स्वरूप पाहूं. घरांच्या किंमती सदैव चढतच राहतील ह्या भरंवशावर अमेरिकेंतील बँकांनीं व सावकारी संस्थांनीं ऋणकोची ऐपत न पाहतां घरांच्या तारणावर कर्जें दिलीं होतीं. तीं कर्जें एकत्र बांधून त्यांचे रोखे करण्यांत आले, व ते रोखे देशोदेशींच्या पेढ्यांनीं विकत घेतले. किंमती उतरूं लागतांच कर्जें थकलीं आणि रोखे निःसत्त्व झाले. कोणाच्या तिजोरींत असे रोखे किती आहेत हें कोणासच कळेना. त्यामुळें एक पेढी दुसरीस एका रात्रीपुरतेंहि उसनें देण्यास कचरूं लागली. व्यापाराचा सारा गाडा परस्परांच्या विश्वासावर चालतो. तो विश्वासच आटला. १५ सप्टेंबर रोजीं लेहमन ब्रदर्स ह्या १८५० सालीं स्थापन झालेल्या पेढीनें दिवाळें जाहीर केलें. तिची एक मोठी कचेरी मुंबईंत पवईस होती. तेव्हां न्यूयॉर्कमधील ह्या पडझडीचा धक्का तेथें काम करणाऱ्या आपल्या माणसांसहि बसला. दुसऱ्याच दिवशीं ए. आय. जी. ही विमासंस्था वांचविण्यासाठीं मध्यवर्ती बँकेस ८५ अब्ज डॉलरांचें कर्ज मंजूर करावें लागलें. आणि २० सप्टेंबर रोजीं कोषमंत्री हेन्री पॉलसन ह्यांचा अवघ्या तीन पानांचा मसुदा कायदेमंडळापुढें आला. बुडीत रोखे सरकारनें विकत घ्यावे, आणि त्यासाठीं ७०० अब्ज डॉलर मंजूर व्हावे, अशी त्यांत मागणी होती.

मतदान ४ नोव्हेंबरला व्हावयाचें होतें, म्हणजे जेमतेम सहा आठवडे उरले होते. रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार जॉन मॅक्केन हे व्हिएतनामच्या युद्धांत पांच वर्षांहून अधिक काळ शत्रूच्या कैदेंत राहिलेले, स्वभावानें धाडसी गृहस्थ. ‘राष्ट्र प्रथम’ हें त्यांच्या प्रचाराचें ब्रीद होतें. परंतु लेहमनचें दिवाळें निघालें त्याच दिवशीं ‘आपल्या अर्थव्यवस्थेचा पाया भक्कम आहे’ अशा आशयाचें वाक्य त्यांच्या तोंडून गेलें, आणि प्रतिपक्षानें त्याचें मोठें भांडवल केलें. डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार बराक ओबामा ह्यांचें पारडें त्या आठवड्यांत जड होऊं लागलें होतें.

२४ सप्टेंबर रोजीं सकाळीं ओबामा ह्यांनीं मॅक्केन ह्यांस दूरध्वनि करून दोघांनीं मिळून एक निवेदन काढावें असें सुचविलें. दुपारीं दोघांचें बोलणें झालें. परंतु त्यानंतर थोड्याच वेळांत मॅक्केन ह्यांनीं वार्ताहरांसमोर येऊन जाहीर केलें कीं, आपण प्रचार तहकूब करून वॉशिंग्टनला जात आहों, व शुक्रवारीं मिसिसिपी विद्यापीठांत ठरलेली दोघां उमेदवारांची वादसभाहि पुढें ढकलावी. ओबामा ह्यांचें उत्तर असें होतें कीं, अध्यक्षास एकाच वेळीं अनेक कामें सांभाळावीं लागतात. आणि पुढील अरिष्ट कोण हाताळणार हें जनतेनें ऐकण्याची वेळ हीच आहे.

मॅक्केन ह्यांच्या बाजूनें जें म्हणतां येईल तें प्रथम म्हटलें पाहिजे. मसुद्यास खरा विरोध त्यांच्याच पक्षाच्या सभासदांचा होता. करदात्यांच्या पैशानें सटोडियांचे खड्डे भरावयाचे, ही कल्पना त्यांस असह्य वाटत होती. अध्यक्ष बुश ह्यांची मुदत संपत आली होती आणि त्यांचा शब्द स्वपक्षांतहि चालेनासा झाला होता. अशा वेळीं पक्षाच्या नव्या नायकानें पुढें होऊन आपल्या माणसांची समजूत घालावी, ह्यांत अयोग्य असें कांहीं नाहीं. निंदानालस्तीच्या जाहिराती चार दिवस थांबल्या असत्या तर त्यानें कोणाचेंहि नुकसान झालें नसतें.

परंतु घडलें तें निराळें. प्रचार तहकूब केला असें सांगणारे मॅक्केन त्या संध्याकाळीं वॉशिंग्टनला गेले नाहींत. दूरचित्रवाणीच्या एका विनोदी कार्यक्रमास येण्याचें त्यांनीं कबूल केलें होतें. तांतडीनें राजधानीस जावयाचें असल्यानें तें रद्द झालें, असें कळविण्यांत आलें. प्रत्यक्षांत त्या वेळीं ते न्यूयॉर्कमध्येंच दुसऱ्या कार्यक्रमासाठीं मुलाखत देत होते. ही गोष्ट पहिल्या कार्यक्रमाच्या सूत्रधारानें प्रेक्षकांपुढें उघड केली आणि सारा देश हंसला. २५ तारखेस व्हाइट हाउसमध्यें अध्यक्षांनीं दोन्ही उमेदवारांस व पक्षनेत्यांस एकत्र बोलाविलें. सर्वांचें लक्ष मॅक्केन ह्यांच्याकडे होतें, कारण हा सारा प्रसंग त्यांच्या घोषणेमुळें उभा राहिला होता. परंतु ते बराच वेळ गप्प राहिले, आणि बोलले तेव्हांहि मसुदा पत्करावा कीं त्यांच्या पक्षांतील कांहीं सभासदांनीं सुचविलेली विम्याची योजना घ्यावी, हें त्यांनीं निश्चित सांगितलें नाहीं. बैठक आरडाओरड्यांत मोडली. प्रतिनिधिगृहाच्या अध्यक्षा नॅन्सी पेलोसी ह्यांच्यापुढें स्वतः कोषमंत्री एक गुडघा टेकून, ही तडजोड मोडूं नका, अशी विनवणी करूं लागले. शुक्रवारीं मॅक्केन ह्यांनीं वादसभेस जाण्याचें ठरविलें आणि ती ठरल्या वेळीं पार पडली. २९ सप्टेंबर रोजीं प्रतिनिधिगृहानें मसुदा २०५ विरुद्ध २२८ मतांनीं फेटाळला. रिपब्लिकन पक्षाच्या १३३ सभासदांनीं विरुद्ध मत दिलें. त्या दिवशीं न्यूयॉर्कच्या बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक ७७७ अंकांनीं कोसळला.

श्रोतेहो, ह्यांत दोष कशाचा? प्रचार थांबविणें हें पाप नव्हे. परंतु थांबविल्यावर काय करावयाचें ह्याची योजना हातीं नव्हती, आणि ज्यांना वळवावयाचें त्यांवर अधिकारहि नव्हता. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, प्रचार म्हणजे राष्ट्रकार्यांतील व्यत्यय, अशी समजूत त्या घोषणेच्या मुळाशीं होती. लोकशाहींत प्रचार हें राष्ट्रकार्याचेंच एक अंग आहे. ज्या माणसाच्या हातीं पुढील चार वर्षें तिजोरीच्या किल्ल्या जावयाच्या, त्याची परीक्षा संकटकाळीं घ्यावयाची नाहीं तर केव्हां? १८६४ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलेलें असतांहि लिंकन ह्यांनीं निवडणूक होऊं दिली. बंडामुळें निवडणूक सोडावी लागली तर बंडखोरांनीं आपणांस जिंकलेंच असें समजावें, असा त्यांच्या म्हणण्याचा भावार्थ होता.

उलट बाजूचा धडाहि त्याच राष्ट्राच्या इतिहासांत आहे. १९३२ च्या निवडणुकींत पराभूत झालेले अध्यक्ष हूव्हर आणि निवडून आलेले रूझवेल्ट ह्यांचा, अधिकार हातीं येईपर्यंतच्या चार महिन्यांत, आर्थिक धोरणावर मेळ बसला नाहीं. हूव्हर आपल्या धोरणास रूझवेल्ट ह्यांची जाहीर संमति मागत. जबाबदारी हातीं नसतां वचन देण्यास रूझवेल्ट तयार नव्हते. ह्या अवधींत एकामागून एका संस्थानांत बँका बंद पडत गेल्या, आणि ६ मार्च १९३३ रोजीं नव्या अध्यक्षास देशांतील सर्व बँकांस सक्तीची सुटी द्यावी लागली. तेव्हां ‘आमचें भांडण आमचें, राष्ट्र आपलें पाहून घेईल’ ही वृत्तीहि घातकच.

मग योग्य मार्ग कोणता? तो ह्याच कथेंत आहे, पण गाजावाजा न झाल्यामुळें तो कोणाच्या लक्षांत राहिला नाहीं. २४ सप्टेंबरच्या रात्रीं दोन्ही उमेदवारांनीं पक्षभेद बाजूस ठेवण्याचें संयुक्त निवेदन काढलें. १ ऑक्टोबर रोजीं दोघेहि प्रचारांतून वेळ काढून सिनेटमध्यें आले, सुधारलेल्या मसुद्यास दोघांनींहि मत दिलें, आणि पुन्हां प्रचारास निघून गेले. सिनेटनें तो ७४ विरुद्ध २५ मतांनीं संमत केला; ३ ऑक्टोबरला प्रतिनिधिगृहानेंहि २६३ विरुद्ध १७१ मतांनीं त्यास मान्यता दिली. त्या मतदानांत मतदारांचा रोष पत्करण्याचें धैर्य दोघांनींहि दाखविलें. राष्ट्रास त्यांच्याकडून हवें होतें तें एवढेंच.

नोव्हेंबरांत मॅक्केन ह्यांचा पराभव झाला. त्यास कारणें अनेक होतीं, आणि एका घोषणेवर सारा दोष लादणें न्यायाचें होणार नाहीं. परंतु मतदारांसाठीं ह्या प्रसंगाचा बोध स्पष्ट आहे. कोणी पुढारी राष्ट्रासाठीं राजकारण बाजूस ठेवल्याचें सांगूं लागला, तर त्यानें प्रतिस्पर्ध्यास आधीं विश्वासांत घेतलें होतें काय, त्याच्या हातीं कांहीं योजना आहे काय, आणि लोकांच्या प्रश्नांस उत्तर देण्याचें तो टाळीत तर नाहीं ना, हें आपण शांतपणें पाहावें. आग विझविणाऱ्याच्या हातीं पाण्याची घागर असते. ती नसेल तर त्याच्या धांवण्यानें केवळ वाट अडते.