तूस आपलं, मग हिशेब कुणाचा?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



आधी आमचीच एक चूक सांगतो. जुन्या वाड्यांच्या चुन्यात गूळ आणि हिरडा घालत. ते ऐकून आम्ही गुरांच्या हौदाच्या सिमेंटात गुळाचं पाणी ओतलं. तीन दिवस झाले तरी हौद ओलाच! गूळ चुन्याला मानवतो. सिमेंटाचं घट्ट होणं मात्र साखर रोखून धरते. त्यासाठी १०० किलो सिमेंटाला ५० ग्रॅम साखरही पुरते.

मग शेतातलं सिमेंटाला चालतं तरी काय? भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात त्याचं उत्तर गिरणीमागे ढिगानं पडलेलं असतं : तूस. धान मातीतून सिलिका ओढतं आणि तुसात साठवतं. सिलिकेनं धानाच्या ताटाला बळ येतं, एवढं आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो. काँक्रीटलाही येतं, हे पुढे कळलं.

सिमेंट भिजलं की त्यातून चुना सुटतो. राखेतली सिलिका त्या चुन्याला धरते, नवा चिकटा तयार होतो आणि बारीक छिद्रं बुजतात. पाणी कमी झिरपतं, मजबुती वाढते. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत ही राख मान्य आहे.

पण चुलीतली राख उचलून टाकू नका. तूस ५०० ते ७०० अंश सेल्सिअसला जाळावं लागतं. राख काळी राहिली तर कच्ची. फार तापली तर सिलिका निर्जीव होते. मग ती पिठासारखी दळायची, नाकातोंडाला फडकं बांधून. सुरुवात दहाव्या हिश्श्यानं करा. ठोकळे पाडा, २८ दिवसांनी तपासून घ्या. तोवर घराच्या स्लॅबला हात लावू नका.

आता हिशेब. क्विंटलभर धानामागे सुमारे २० किलो तूस, त्याची ४ किलो राख. ५० किलोंच्या पोत्यातल्या ५ किलो सिमेंटाची जागा सव्वा क्विंटल धानाची राख घेते. आपण मात्र धान भरडून तांदूळ आणतो, तूस गिरणीत सोडतो आणि सिमेंटाचं पोतं छापील भावानं घेतो. धानाचा भाव दुसरा ठरवतो, सिमेंटाचाही दुसराच!

एकट्यादुकट्यानं भट्टी परवडणार नाही. दहा गावांनी मिळून बसलं पाहिजे. तोवर एवढं तरी करू : या हंगामात भरडाई ठरवताना तुसाचा हिशेब मागू.