नॉर्वेची जलयात्रा : ऋतु कोणता निवडावा?



प्रवासास निघतांना आपण पंचांग पाहतों, मुलांच्या सुट्ट्या पाहतों आणि शेवटीं आपली शिल्लक पाहतों. परंतु जेथें जावयाचें तेथें सूर्य केव्हां उगवतो आणि केव्हां मावळतो, हें सहसा कोणी पाहत नाहीं. आपल्याकडे त्याची गरजहि पडत नाहीं. मुंबईचा सर्वांत लहान दिवस सुमारें ११ तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा असतो. फरक काय तो इतकाच. नॉर्वेच्या किनाऱ्यानें बोटींतून उत्तरेकडे जाणाऱ्यास मात्र हाच हिशेब सर्वांत आधीं करावा लागतो. आपल्याकडील कुटुंबें अशा सफरीस बहुधा जन्मांत एकदांच जातात, आणि पुष्कळदां वृद्ध आईबापांना बरोबर घेऊन जातात. एकदां चुकलेला ऋतु पुन्हां मिळत नाहीं.

प्रथम मार्ग पाहूं. दक्षिणेस बर्गेन हें बंदर ६० अक्षांशावर आहे. तेथून निघालेली बोट ३४ बंदरें घेत रशियाच्या सीमेजवळील किर्केनेसला पोंचते व परत येते. जाऊन येऊन सुमारें १२ दिवस लागतात. वाटेंत ६६.५ अंशांजवळ उत्तर ध्रुववृत्त ओलांडावें लागतें. ही टपालबोट १८९३ सालीं कप्तान रिचर्ड विथ यानें सुरू केली. खडकांनीं भरलेल्या या किनाऱ्यावर हिवाळ्याच्या अंधारांत बोट हांकणें त्या काळीं वेडेपणाचें वाटे. त्यानें होकायंत्र व घड्याळ यांच्या आधारें वाटेची टिपणें करून तें साधलें. अटलांटिकमधून येणाऱ्या उबदार प्रवाहामुळें येथील बंदरें गोठत नाहींत. तेव्हां बोट बाराहि महिने आहे. प्रश्न आहे तो आपल्याला काय पाहावयाचें आहे, हा.

माझ्याकडे या बाबतींत विचारावयास येणारी मंडळी पहिला प्रश्न करतात, “गुरुजी, थंडी किती असते?” ट्रोम्सो येथें जानेवारीचें सरासरी तपमान शून्याखालीं तीनचार अंश असतें आणि जुलैचें सुमारें १२ अंश. थंडीवर लोकरीचे कपडे हा उपाय आहे. उजेडावर मात्र माणसाचा उपाय चालत नाहीं. म्हणून थंडी पाहून नव्हे, तर उजेड पाहून महिना ठरवावा.

उन्हाळा घ्या. उत्तर टोंकास, नॉर्थ केप येथें, मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत सूर्य मावळतच नाहीं. ट्रोम्सोला हीच स्थिति सुमारें २० मे ते २२ जुलै असते. सूर्यास्तापूर्वीं जेवण्याचें ज्यांचें व्रत आहे, त्यांना तेथें दोन महिने मोकळीक! याच दिवसांत डोंगरांवरचें बर्फ वितळतें आणि गायरांगरच्या खाडींतील ‘सात बहिणी’ नांवाचा धबधबा भरून वाहतो. ऑगस्ट उलटल्यावर त्याच बहिणी रोडावतात. हार्डांगरच्या खाडीकांठीं मे महिन्यांत सफरचंदांची झाडें फुलतात. आणखी एक सोय म्हणजे पाऊस. बर्गेनला वर्षाकांठीं जवळजवळ मुंबईइतकाच पाऊस पडतो, पण तो बाराहि महिने विभागलेला असतो. त्यांत वसंताचे व उन्हाळ्याच्या आरंभाचे महिने त्यांतल्या त्यांत कोरडे, आणि शरद ऋतु सर्वांत ओला. उन्हाळ्याचे तोटे दोन : गर्दी व महागाई. शिवाय उजेडांत झोंप न येणाऱ्यांनीं डोळ्यांवर बांधावयास काळी पट्टी न्यावी.

हिवाळ्याची गोष्ट निराळी. लोक ज्याच्यासाठीं जीव टाकतात तो उत्तरध्रुवीय प्रकाश, तें आकाशांतील हिरवें लहरतें तेज, काळोखाशिवाय दिसत नाहीं. म्हणून अर्धरात्रींचा सूर्य आणि हा प्रकाश एकाच सफरींत मिळणें अशक्य आहे. कोणी तसें आश्वासन देऊं लागला, तर त्यावर विश्वास ठेवूं नये. ट्रोम्सोला नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाहीं. भोंवतालच्या डोंगरांमुळें गांवांतून तो दिसण्यास २१ जानेवारी उजाडते, आणि त्या दिवशीं लोक सूर्याच्या नांवानें गोड पाव खाऊन उत्सव करतात. तरी तो अंधार अखंड नसतो. दुपारच्या सुमारास दक्षिणेस कांहीं तास तांबडें फुटल्यासारखें दिसतें. लोकमान्य टिळकांनीं १९०३ सालच्या ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’ या ग्रंथांत वेदांतील उषेच्या वर्णनांवरून आर्यांचें मूलस्थान उत्तरध्रुवाकडे असल्याचें प्रतिपादन केलें. तो सिद्धांत विद्वानांत टिकला नाहीं. पण ज्यानें तो ग्रंथ वाचला आहे, त्याला हें आकाश पाहतांना त्याची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं.

मात्र हिवाळी समुद्राचा विचार अवश्य करावा. वाट बरीचशी बेटांच्या आडोशानें जाते. पण हुस्टाडव्हिकाचा टापू व लोफोटेन बेटांकडे जातांनाचा पट्टा उघडे आहेत. मार्च २०१९ मध्यें हुस्टाडव्हिकाजवळ वादळांत ‘व्हायकिंग स्काय’ या बोटीचीं इंजिनें बंद पडलीं आणि पावणेपांचशेंच्या आसपास उतारूंना हेलिकॉप्टरनें उचलून न्यावें लागलें. असे प्रसंग विरळा. पण बोट हेलकावणें हें तेथें नित्याचें आहे. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना बोट लागते, त्यांना डिसेंबर-जानेवारींत नेणें म्हणजे त्यांच्यावर अन्याय करणें होय.

आतां माझा सल्ला. वृद्धांसह एकदांच जाणाऱ्या कुटुंबानें मेची अखेर ते जूनचा मध्य हा काळ धरावा. प्रकाशासाठींच जावयाचें असेल, तर सप्टेंबरचा उत्तरार्ध बरा : रात्री काळोख्या झालेल्या असतात, थंडी अजून कडक नसते, पाऊस व ढग यांची मात्र तयारी ठेवावी. तरुणांनीं व धडधाकटांनीं फेब्रुवारी-मार्च निवडावा : बर्फहि असतें, दिवसहि वाढलेला असतो, आणि लोफोटेनमध्यें कॉड माशांचा हंगाम चालू असून लांकडी मांडवांवर मासे वाळत घातलेले पाहावयास मिळतात.

सुट्टी केव्हां आहे, हें घरांत सर्वांना ठाऊक असतें. तिकिटें काढण्यापूर्वीं एक संध्याकाळ सर्वांनीं एकत्र बसून घरांतील वडील माणसांना विचारावें, “तुम्हांला काय पाहावयाचें आहे?” त्यांच्या उत्तरांतच महिन्याचें नांव सांपडेल.