वेग आणि आवर



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांच्या वर्गात मी बसलो आहे. सुरतेतील मराठी शाळेच्या व्यासपीठावरून मालमोटारींच्या शर्यतीविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आपल्यापैकी अनेकांची घरे खानदेशातून नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली या रस्त्यानेच इकडे आली. त्या रस्त्यावर माझे वडील ट्रक चालवीत. शाळेच्या अर्जातील वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात मी मात्र ‘नोकरी’ एवढेच लिहिले. गुरुजींनी विचारले, “कसली?” मी खाली मान घातली. ते राहिलेले उत्तर आज देण्याचा प्रयत्न करतो.

वाळवंटी शर्यतींत डकारचे नाव सर्वांत मोठे. २६ डिसेंबर १९७८ रोजी तिएरी साबीन यांनी ती पॅरिसहून सुरू केली. १९८० पासून मालमोटारींना तिच्यात स्वतंत्र विभाग मिळाला. पुढे आफ्रिका सोडून शर्यत २००९ मध्ये दक्षिण अमेरिकेत आणि २०२० मध्ये सौदी अरेबियात गेली. ट्रकमध्ये तिघे असतात: चालक, मार्गदर्शक आणि यंत्रज्ञ. रस्ता नसतोच, असते ती खुणांची वही आणि तिच्यावरील विश्वास.

या क्षेत्रात कारकीर्द कशी घडते? चेक प्रजासत्ताकाचे कारेल लोप्राइस टाट्रा ट्रकच्या कारखान्यात नोकरीस होते. १९८८ ते २००१ या काळात ते सहा वेळा विजयी झाले. रशियाचे व्लादिमिर चागिन कामाझ कारखान्याच्या संघातून सात वेळा जिंकले. हॉलंडचे यान द रॉय हे तर मालवाहतुकीचा धंदा करणारे गृहस्थ. १९८७ साली ते डाफ ट्रक घेऊन जिंकले. त्यांचे चिरंजीव जेरार्ड २०१२ व २०१६ मध्ये. कारखाना आणि मालधक्का यांतूनच ही माणसे वर आली, हे लक्षात घ्यावे.

पण १९८८ चे साल विसरता येत नाही. द रॉय यांचा ट्रक त्या वर्षी मोटारगाड्यांनाही मागे टाकीत होता. त्यांच्याच संघाचा दुसरा ट्रक नायजरच्या तेनेरे वाळवंटात भरधाव असता उलटला आणि त्यातील मार्गदर्शक ठार झाला. द रॉय यांनी शर्यत सोडली. पुढच्या वर्षी मालमोटारींची स्पर्धाच झाली नाही. आज ट्रकना ताशी १४० किलोमीटरची मर्यादा आहे. वेग यंत्राने वाढविता येतो. आवर मात्र माणसालाच शिकावा लागतो.

वाळूत हाच आवर पदोपदी लागतो. टायरमधील हवा कमी केली की चाक वाळूवर पसरते आणि रुतत नाही. ती फारच कमी केली तर टायर रिंगमधून निसटतो. टेकडी चढताना जोर हवा. माथ्यावर मात्र हात आखडावा, कारण पलीकडचा उतार दिसत नाही. कोंडाईबारीच्या घाटात वडील सांगत, “ज्या गिअरमध्ये चढलास, त्याच गिअरमध्ये उतर.” डकारचे नाव त्यांनी ऐकले नव्हते, विद्या मात्र तीच होती.

आपल्याकडेही ही वाट उघडत आहे. २०१५ साली सी. एस. संतोष यांनी मोटारसायकलवर डकार पूर्ण केली. २०१६ मध्ये ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर भारतीय चालक ट्रकच्या शर्यतीत उतरले. मोटारसायकलच्या शर्यतींपासून सुरुवात केलेले पुण्याचे संजय टकले २०२५ मध्ये टोयोटा लँड क्रूझर घेऊन डकारच्या क्लासिक विभागात उतरले. त्या विभागात सर्वांत वेगवान ठरणारा जिंकत नाही; नेमून दिलेली सरासरी जो अचूक राखतो, तो जिंकतो.

मुलांना या शर्यतीत ढकला, असे मी सांगत नाही. खर्च अफाट आहे आणि जिवाला धोकाही आहे. माझी विनंती एवढीच की, ‘शिकला नाहीस तर ड्रायव्हर होशील’ हे वाक्य आपण घरातून आणि वर्गातून काढून टाकावे. ते ऐकणाऱ्या एखाद्या मुलाचा बाप त्याच वेळी घाट उतरत असतो.

गुरुजी, माझे वडील मालमोटार चालवीत. तीस वर्षे त्यांनी दुसऱ्याचा माल आणि शेजारी बसलेल्या क्लीनरचा जीव सांभाळून पोहोचविला. त्या रकान्यात मी ‘चालक’ असे लिहावयास हवे होते.