यंत्राला काम सांगताना



आजचा विषय ऐकून, हा संगणकवाल्यांचा प्रांत, येथे मराठीच्या मास्तराचे काय काम, असे काहींना वाटेल. परंतु विषय मुळात भाषेचाच आहे, म्हणून मी तो घेतला.

'एआय एजंट' हा शब्द आता वर्तमानपत्रांतून आपल्या घरात आला आहे. आपल्या वतीने काम करणारे यंत्र, असा त्याचा साधा अर्थ. त्यातले भाषेचे मॉडेल स्वतः फक्त मजकूर तयार करते. त्याला हात नाहीत. रजिस्टर पाहणे, पत्र धाडणे, नोंद पुसणे ही कामे निरनिराळे छोटे प्रोग्रॅम करतात. त्यांना टूल म्हणतात. ओपनएआय कंपनीने जून २०२३ मध्ये आपल्या मॉडेलला अशी टूल्स जोडण्याची सोय दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने त्यासाठी मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाची खुली पद्धत प्रसिद्ध केली.

आता मुख्य गोष्ट. टूलच्या पोटातला प्रोग्रॅम मॉडेलला सहसा दिसत नाही. त्याच्यापुढे येते ते टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि कोणती माहिती पुरवायची याचा तक्ता. कोणते टूल केव्हा वापरायचे हे त्याने एवढ्यावरूनच ठरवायचे असते. आणि हे वर्णन तुमच्या-माझ्या साध्या वाक्यांत लिहिलेले असते.

समजा, एखाद्या शाळेने शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्यासाठी एजंट ठेवला. टूलचे नाव 'विद्यार्थी शोधा' आणि वर्णन 'विद्यार्थ्याची माहिती देते.' वाक्य शुद्ध आहे, व्याकरणाचा दोष नाही. पण आपल्या मुलांची नावे आठवा. शाळेच्या दाखल्यावर महंमद, रेशन कार्डावर मोहम्मद, आधार कार्डावर मुहम्मद. एकाच वर्गात एकाच नावाच्या दोन मुली, आडनाव दोघींचे शेख. एजंटने नाव टाकले, जी नोंद प्रथम सापडली तिचा खाते क्रमांक उचलला, की एकीचे पैसे दुसरीच्या खात्यात! नावातील एका अक्षरापायी अ‍ॅफिडेव्हिट करीत फिरणे म्हणजे काय, हे येथील पालकांना मी सांगायला नको.

तेच वर्णन असे लिहून पाहा : 'जनरल रजिस्टर नंबरावरून, सध्या शाळेत शिकत असलेल्या एका विद्यार्थ्याची नोंद दाखवते. केवळ नावावरून शोधू नये, कारण एकच नाव निरनिराळ्या प्रकारे लिहिले जाते. नंबर नसल्यास पालकांना विचारावा. अंदाजाने भरू नये. शाळा सोडून गेलेल्यांसाठी हे टूल नाही. नोंदीत बदल करत नाही.' येथे टूल काय करते हे एकाच वाक्यात संपले. उरलेली वाक्ये, ते कोठे वापरू नये आणि अडले तर काय करावे, यासाठी खर्च झाली. माझ्या मते हाच खर्च सार्थकी लागतो. (आम्ही शिक्षक निबंधातील अलंकारांना गुण देतो, सूचनेतील नेमकेपणाला देत नाही. तो वेगळा विषय आहे.)

तारखेचेही तसेच. ०३-०४-२०१२ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. म्हणून 'जन्मतारीख' एवढेच न लिहिता, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, असे सांगून २०१२-०४-०३ हा नमुना द्यावा. आयएसओ ८६०१ या १९८८ च्या आंतरराष्ट्रीय मानकाचा हाच क्रम आहे.

मोठ्या कंपन्यांनाही हे अनुभवानेच कळले. फाइलचा अर्धा पत्ता दिला की एजंट जागा बदलल्यावर चुकतो, हे पाहून अँथ्रॉपिकच्या लोकांनी टूलमध्ये पूर्ण पत्ता सक्तीचा केला. चुका थांबल्या, असे त्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये लिहिले. पुढे त्यांचेच मॉडेल शोधाच्या शब्दांना विनाकारण '२०२५' जोडू लागले. तेव्हा टूलचे वर्णन सुधारून ते वळणावर आणले.

मात्र वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. 'नोंद पुसू नये' असे लिहिल्याने नोंद सुरक्षित होत नाही. पुसण्यापूर्वी माणसाची परवानगी घेण्याची व्यवस्था प्रोग्रॅममध्येच हवी. शिवाय पानभर वर्णनही कामाचे नाही, आणि सारख्याच नावाची दोन टूल्स शेजारी ठेवली तर गोंधळ ठरलेलाच.

'मराठी लिहून पोराला काय मिळणार?' असे पालक मला विचारतात. आजची मॉडेल्स मराठी वाचतात, हे एक उत्तर. पण नेमके सांगण्याची सवय मुलाला ज्या भाषेत लागेल, तिथून ती इंग्रजीतही जाते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

विद्यार्थी मित्रांनो, यासाठी संगणक लागत नाही. शाळेच्या वाचनालयातून पुस्तक देण्याच्या कामाचे वर्णन एका कागदावर लिहा आणि ते काम ठाऊक नसलेल्या मुलाच्या हाती द्या. त्याने कागदाबाहेरचे काही करायचे नाही, तुम्ही तोंडाने काही सांगायचे नाही. पुस्तक किती दिवसांसाठी, मुदत सुटीत संपली तर काय आणि हरवले तर कोणाला विचारायचे, एवढे तरी त्या कागदावर आलेले असावे.