छातीतले दार

(मंडळाच्या वर्धापनदिनी बारामती येथे केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण एखाद्या डॉक्टरीणबाईंना बोलावतो. यंदा कार्यवाह बाईंनी मला उभे केले. मी काही वैद्यक शिकलेली नाही. गेली पंचवीसहून अधिक वर्षे माझ्या छातीत एक बनावट झडप आहे, एवढीच माझी पात्रता. तेव्हा ऐकलेले थोडे आणि भोगलेले जास्त, असेच माझे बोलणे होईल.

हृदयाला चार झडपा असतात. विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पाणी वर जाऊ द्यायचे, पण परत खाली येऊ द्यायचे नाही, हे त्याचे काम. तो गळू लागला की मोटार नुसती घरघरते. तोंड चोंदले की पाण्याची धार बारीक होते. झडपेचे दुखणे याच दोन तऱ्हांचे. एक तर ती नीट मिटत नाही, नाही तर नीट उघडत नाही. मोटार बंद करून दुरुस्त तरी करता येते. हृदय दिवसाला सुमारे एक लाख ठोके देते. त्याला थांबून चालत नाही.

झडप बिघडते कशाने? काहींची जन्मतःच सदोष असते. म्हातारपणी ती चुन्याचा थर बसून ताठरते. कधी दातातून वा जखमेतून रक्तात गेलेले जंतू तिच्यावर बसतात. पण आपल्या भागात माझ्या वयाच्या बायकांत मुख्य कारण एकच, सांधेताप. त्याचे मूळ असते घशात.

१९७२ चा दुष्काळ तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. माझे वय तेव्हा दहा. आमचे गाव इंदापूर तालुक्यातले. वडील खडी फोडायच्या कामावर, आणि एका खोलीत आम्ही नऊ माणसे. एकाचा घसा दुखला की सगळ्यांचा दुखे. मीठ-पाण्याच्या गुळण्या केल्या की विषय संपला. दोन-तीन आठवड्यांनी माझा गुडघा सुजला. तो उतरला तो घोटा, मग मनगट. आज इथे, उद्या तिथे. शेजारणी म्हणाल्या, वाढीचे दुखणे आहे. पुढे काही महिन्यांनी हातातली भांडी पडू लागली, हात आपोआप झटके देई. आई म्हणे, “कार्टीचं लक्षच नाही कामात.” मार खाल्ला मी त्यापायी. मुलींना या तापानंतर असे झटके येतात हे तिला बिचारीला कोण सांगणार?

घशाच्या विशिष्ट जंतूंशी लढताना शरीर चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. सांधे बरे होतात, झडपेवर मात्र व्रण राहतो. ताप पुन्हा आला की व्रण वाढतो. म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनची लांब टिकणारी सुई घ्यायची. झडप बिघडली नसेल तरी निदान एकविसाव्या वर्षापर्यंत. बिघडली असेल तर चाळिशीपर्यंत किंवा जन्मभर, डॉक्टर सांगतील तसे.

माझी सुई सुरू झाली होती. एका डॉक्टरांनी दुखणे नेमके ओळखले होते. पाच-सहा सुया झाल्या, मी खेळू लागले, आणि घरात कुजबुज सुरू झाली: मुलीची जात, लोक विचारतील सुई कसली, उद्या लग्नाचे काय? सुई बंद झाली. पेनिसिलीन तर आपल्याच जिल्ह्यात, पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ पासून तयार होत होते. औषध दूर नव्हते, भगिनींनो. लोकलाज जवळ होती.

लग्न होऊन मी बारामतीत आले. सासरी कुणी काही सांगितले नव्हते. १९८३ साली पहिल्या खेपेला सहाव्या महिन्यात जिना चढवेना. रात्री आडवे पडले की जीव गुदमरे. तीन उशा घेऊन बसून झोपायची. खोकल्यात लालसर फेस आला. सासूबाई प्रेमळ होत्या, पण म्हणाल्या, “पोटुशी बाई धापा टाकायचीच.” गरोदरपणी अंगातले रक्त जवळजवळ दीडपट होते, आवळलेल्या दारातून ते जायचे कसे? चांगल्या झडपेचे तोंड चार ते सहा चौरस सेंटीमीटर असते. माझे एकावर आले होते.

पुण्यास नेले. सातव्या महिन्यात, हृदय चालू असतानाच, सर्जनने आत बोट व हत्यार घालून झडप उघडली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी अशा शस्त्रक्रिया १९५० नंतरच्या दशकातच केल्या होत्या. आता बहुतेकदा मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन तेच काम होते, छाती उघडावी लागत नाही. मुलगा सुखरूप झाला. आज तो इथे खुर्च्या लावतो आहे.

पुढे झडप पुन्हा आवळली आणि १९९९ साली बदलावी लागली. माझी श्री चित्रा संस्थेत, तिरुअनंतपुरमला घडवलेल्या जातीची आहे. ती पहिल्यांदा १९९० च्या डिसेंबरात बसवली गेली होती. तेव्हापासून रक्त पातळ ठेवण्याची गोळी रोज. दर महिन्याला रक्त तपासणी. पालेभाजी खायला बंदी नाही, पण आज ढीगभर मेथी आणि मग पंधरा दिवस काहीच नाही, असे चालत नाही. दात काढायचा तरी आधी डॉक्टरांना सांगावे लागते. आणि झडप बसवलेल्या मुलीला दिवस जाण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे लागते, कारण ही गोळी पोटातल्या बाळाला बाधू शकते.

लहान मुलाचा घसा तापासकट दुखला तर दाखवा, आणि औषधाचे दहा दिवस सांगितले तर चौथ्या दिवशी सोडू नका. कारखान्यांवर ऊसतोडीला येणाऱ्या बायकांना हे सांगायचे काम मंडळाने घ्यावे अशी माझी सूचना आहे. एका कोपीत सात-आठ माणसे, तेच आमचे १९७२ चे घर. शस्त्रक्रियेच्या खर्चाला आता महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, तेवढी माहिती तरी त्यांच्यापर्यंत जावी.

सुनेला दुखणे लपवून आणली म्हणून सासूबाई माझ्या आईशी वर्षभर बोलल्या नाहीत. चूक कोणाची म्हणावी, मला अजून ठरवता येत नाही.

रात्री घर शांत झाले की माझी झडप टकटक वाजते. नातीला तो आवाज मोठा आवडतो. कुणाला ऐकायचा असेल तर चहा होईपर्यंत मी इथेच बसले आहे.