शाळेबाहेरचं गणित

पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवणाऱ्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांना छंद होता पंचांगाच्या गणिताचा. जन्म १८५३चा, कोकणातल्या मुरुडचा; शिक्षण जेमतेम मॅट्रिकपर्यंत. शिक्षकाच्या नोकरीत रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे अशी गावं बदलत गेली, छंद मात्र सुटला नाही.

त्यातून काय साधलं ते पाहा. मध्य प्रदेशात एरण इथं बुधगुप्त राजाच्या वेळचा स्तंभलेख आहे. त्यावर कोरलंय: वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार. दीक्षितांनी तिथी आणि वार यांचा मेळ घालून दिवस काढला, २१ जून ४८४. हे वर्ष ज्यात मोजलंय तो गुप्त संवत नेमका कधी सुरू झाला, हा जुना वाद सोडवताना कोरीव लेखांचे अभ्यासक फ्लीटसाहेब यांना हेच गणित कामी आलं. केवढं मोठं काम हे!

१८९६ मध्ये त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ निघाला, तोही मराठीत. दोनच वर्षांनी दीक्षित गेले. पंचेचाळिशीही गाठली नव्हती.

शिक्षक मंडळींपैकी कुणाला आकाशाची ओढ असेल, तर १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था पुण्यात आजही आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेते. जरूर जा.